दारावरच्या बाईने हात खाली घेतला

या धाग्यावर माझा आयडी ओळखणारे काही जण असतील. कोणी लिहिलं की बंद खोलीतून पैंजणांचा आवाज आला, की खाली 'एकदा प्लंबरला दाखवून घ्या' असा प्रतिसाद देणारी ती मीच. 'रात्री जड जेवू नये' हाही माझाच. तेव्हा आज माझी टर उडवायची ज्यांना हौस असेल त्यांनी ती खुशाल भागवून घ्यावी, माझी काही तक्रार नाही.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर आहे. डब्लिनच्या दक्षिणेला चेरीवूडमध्ये ऑफिस. दुसऱ्याने 'सगळं नीट चालतंय' म्हटलं की त्यावर विश्वास न ठेवण्याचाच मला पगार मिळतो. भुतंखेतं, संकेत, दृष्टांत यांतलं काहीही मी कधी मानलं नाही. आमच्या घरी कोणीच मानत नसे. बाबा भोरला प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि त्यांच्या मते जगातल्या निम्म्या भुतांचा जन्म अपुऱ्या झोपेतून झालेला आहे.

बाबांबद्दल आधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वर्गात गलका झाला की 'हाताची घडी, तोंडावर बोट' हे सगळेच मास्तर म्हणतात. बाबा त्यापुढे आणखी एक म्हणत. वर्ग शांत झाला की दोन क्षण थांबून, अगदी हळू आवाजात - 'हं. बोट काढा.' मग ज्याला जे बोलायचं असेल ते बोलायची मुभा. घरी मी फुगून बसले, काही केल्या बोलेनाशी झाले, की माझ्यासमोर उकिडवे बसून म्हणायचे, "ठमे, बोट काढ." मी तोंडावर बोट ठेवलेलं नसायचंच, पण 'काय असेल ते बोलून टाक' याला आमच्या घरात हाच शब्द होता. सासरी यातलं काही कोणाला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. ठमी हे नाव नवऱ्याला कळलं असतं तर त्याने ते दहा वर्षं वापरून गुळगुळीत केलं असतं.

तर... मागच्या वर्षीचा जून. आम्ही डब्लिनच्या उत्तरेला, ड्रोहेडाला घर घेतलं होतं. डब्लिनमध्ये घर मिळणं म्हणजे काय असतं ते इथल्या लोकांना ठाऊक आहे, बाकीच्यांनी कल्पना करू नये. रोज चेरीवूडपर्यंत जीव काढत जावं लागतं, पण घर आपलं! नवरा अमेय, त्याचं ऑफिस सँट्रीला, डब्लिनच्या अलीकडेच, त्यामुळे त्याचं बरं आहे. वास्तुशांतीसाठी सासूबाई खास भारतातून आल्या होत्या. त्या कागलच्या. मी त्यांना मम्मी म्हणते. आमचं बऱ्यापैकी जमत होतं. खरं सांगायचं तर मला त्या आवडायच्या.

वास्तुशांत रविवारी होती. गुरुजी मिळणं हे इथे घर मिळण्याइतकंच अवघड. आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार डेटाबेस सांभाळतात आणि शनिवार-रविवार पूजा सांगतात. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की हा रविवार गेला तर मग थेट दिवाळीनंतर. मम्मींचं परतीचं तिकीट लगेच पुढच्या आठवड्यातलं. म्हणजे तो रविवार चुकवून चालणार नव्हता.

शनिवारी सकाळी माझा फोन सापडेना. सगळं घर उलटंपालटं केलं. अमेयने त्याच्या फोनवरून रिंग देऊन बघितली - बंद. "बॅटरी मेली असेल. ऑफिसात राहिला असेल," तो म्हणाला. मला चांगलं आठवत होतं की आदल्या संध्याकाळी ट्रेनमध्ये मी फोन वापरला होता, पण तो इतक्या ठामपणे बोलला की मलाच माझी शंका यायला लागली. मग म्हणाला, "जाऊ दे ना, एक दिवस फोनशिवाय राहा. उद्या सगळी धावपळच आहे. आज मम्मीला कुठेतरी फिरवून आणू."

मला बरं वाटलं हो. मूर्खासारखं बरं वाटलं. नवऱ्याला आपल्या दमणुकीची काळजी आहे म्हणून.

मीथ परगण्यात, आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर, नदीकाठी एक जुना महाल आहे. नाव देत नाही. आयरिश लोक अशा वास्तूला नुसतं 'हाऊस' म्हणतात, पण आपल्या हिशेबाने तो महालच. कुण्या लॉर्डाने इटलीत फिरून आल्यावर तिथल्यासारखा बरोक थाटाचा बांधून घेतलेला. दुतर्फा झाडांचा लांब रस्ता, मग खडीचं अंगण, मग रुंद पायऱ्या आणि वर प्रवेशद्वार. दारावर दगडी कमान मधोमध दुभंगलेली, त्या फटीत घराण्याचं चिन्ह. आणि कमानीच्या दोन उतारांवर दोन दगडी बायका टेकून बसलेल्या, माणसापेक्षा थोड्या मोठ्या.

अमेयने आम्हाला पायऱ्यांपाशी सोडलं. "पार्किंगचं बघून येतो, तुम्ही पुढे व्हा." गाडी घेऊन तो झाडांमागे गेला.

दारातच एक निवृत्त बाई येणाऱ्यांना माहिती सांगत होती. अंगात हिरवं जाकीट, हातात चालायची काठी, तीच काठी वर करून दाखवत होती. डावीकडची बाई म्हणजे निष्ठा. तिच्या हातात किल्ली आणि पायाशी कुत्रा, कुत्र्याचं नाक कधीकाळी पडलेलं. उजवीकडची म्हणजे मौन. तिचं उजव्या हाताचं बोट ओठांवर. लॉर्डाला चुगलखोरांची फार धास्ती होती म्हणे. आत येणाऱ्याने निष्ठा घेऊन यावं आणि बाहेर जाणाऱ्याने तोंड बंद ठेवून जावं, असा त्या दोघींचा अर्थ. "नोकर वाचायला शिकलेले नव्हते ना, त्यांना हे असं सांगायचं," ती म्हणाली, आणि मग लोकांना घेऊन आत गेली. आम्ही अमेयसाठी थांबलोय म्हटल्यावर "ग्रँड, ग्रँड, सावकाश या" म्हणून गेली.

मी मम्मींना सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी पदर सावरून दोन्ही मूर्तींना नमस्कार केला. "आपल्याकडं देवळाच्या दारात जय-विजय असत्यात की न्हाई, तशातलंच हे," म्हणाल्या. मग पायरीशेजारच्या दगडी बाकावर बसल्या. त्या दिवशी त्या गप्प गप्पच होत्या. माझ्याकडे बघायचंही टाळत होत्या. मला वाटलं, गाडी लागली असेल.

अमेय काही येईना. त्यांना हसवावं म्हणून मी पायऱ्यांच्या मधोमध उभी राहिले, त्या उजव्या बाईच्या बरोबर खाली. म्हटलं, "मम्मी, हे बघा. हाताची घडी, तोंडावर बोट." आणि शाळेतल्यासारखी पोझ घेतली.

तेव्हा ऐकू आलं.

"ठमे, बोट काढ."

मी टेस्टर आहे, म्हणून नेमकं सांगायचा प्रयत्न करते. आवाज डोक्यात नव्हता. वरून आला, थोडा पुढून. मोठा नव्हता, वर्ग शांत झाल्यावर बाबा जेवढ्या आवाजात बोलत तेवढाच. आवाज बाबांचाच होता का? होता. शेवटच्या शब्दाला किंचित घसा खरवडतो, तोही. माझ्या हाताने माझ्याआधी ऐकलं, बोट आपोआप खाली आलं. मग मी वर बघितलं.

त्या बाईचा हात तिच्या मांडीवर होता.

लख्ख ऊन होतं. ढग नाही, सावली नाही. तोंड मोकळं, ओठ मिटलेले, आणि जिथे इतका वेळ बोट टेकलेलं होतं ती हनुवटीवरची जागा बाकीच्या दगडापेक्षा उजळ दिसत होती. हात तळवा वर करून मांडीवर, एखादी बाई काम संपल्यावर ठेवते तसा. मी किती वेळ बघत होते सांगता येणार नाही. मागे काहीतरी खणखणत पायऱ्यांवरून गेलं. मम्मींच्या हातातली स्टीलची बाटली पडली होती. त्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्याही वरच बघत होत्या.

खडीवर पावलं वाजली. अमेय येत होता. मी त्याच्याकडे वळले. त्याचे डोळे लालभडक.

"ॲलर्जी, हे-फिव्हर," मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला. "गवत कापलंय ना तिकडे."

"बाबांना काय झालंय?" मी विचारलं.

मी हे का विचारलं ते मला माहीत नाही. 'घरी काय झालंय' असंही विचारता आलं असतं. आदल्या दिवशीपर्यंत बाबा ठणठणीत होते. नव्या घराचे पडदे कुठल्या रंगाचे, यावर आमचा वाद चालू होता.

"कुठे काय? काय झालंय? काही नाही," अमेय म्हणाला. एकाच गोष्टीला तीनदा नाही म्हणणारा माणूस टेस्टरला लगेच कळतो.

"सांगून टाक," मम्मी मागून म्हणाल्या. "सांग अमेय तिला. आता न्हाई झाकायचं."

मग त्याने सांगितलं. बाबा भारतातल्या शनिवारी पहाटे गेले होते. झोपेतच, हृदय बंद पडून. दादाने, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाने, फोन मला न करता अमेयला केला होता. मी झोपले होते. आणि मला उठवायच्या ऐवजी या माणसाने आईला उठवलं होतं - त्याच्या आईला.

"मग मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. अजून माझा आवाज चढला नव्हता. मला खरंच वाटत होतं की काहीतरी कारण असेल.

त्याने खाली बघत सांगितलं. "मम्मी म्हणाली... कानावर पडेपर्यंत सुतक लागत नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीन दिवस. सुतकात वास्तुशांत करता येत नाही. पण बातमी कळलीच नसेल तर सुतक कसलं? म्हणून मला कळू द्यायचं नव्हतं. रविवारी दुपारपर्यंत फक्त. मी नवी साडी नेसून, बाबा गेलेले असताना, अमेयच्या हाताला हात लावून होमात तूप सोडायचं, पुरणपोळ्या वाढायच्या, आणि मग संध्याकाळी पाहुणे गेले की मला बाजूला बसवून सांगायचं, असं ठरलं होतं.

"आणि तू?" मी म्हटलं. "तुझ्या कानावर पडलंच होतं की."

"जावयाला आंघोळीपुरतं असतं," मम्मी पुटपुटल्या. म्हणजे त्याचाही विचार करून ठेवला होता.

मी आयुष्यात कोणाच्या अंगावर अशी ओरडले नव्हते. काय बोलले ते सगळं आठवत नाही, आणि आठवतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माहिती सांगणारी ती बाई धावत बाहेर आली, मला धरून बाकावर बसवलं, पाणी दिलं. भाषा कळत नव्हती पण तिला कळलं असावं. 'गॉड लव्ह यू' म्हणत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या सगळ्या दिवसात मला जवळ घेणारी ती एकटीच, जिचं नावही मी विचारलं नाही. तिच्या खांद्यावरून मी पुन्हा वर बघितलं. त्या मूर्तीचं बोट ओठांवर होतं.

"आत्ताच्या आत्ता मला बाबांना बघायचंय. दादाला व्हिडिओ लाव," मी अमेयला म्हटलं.

"झालं सगळं," तो म्हणाला. "आत्ता... मघाशीच."

नागपूरहून आत्या यायची होती म्हणून दुपारपर्यंत थांबले होते. आत्यासाठी थांबले होते! मग दादाने स्मशानातून व्हिडिओ कॉल लावला होता, अमेयला. पार्किंगमध्ये गाडीत बसून, काचा वर करून, माझ्या बाबांना अग्नी देताना माझ्या नवऱ्याने पाहिलं. मी तिथून हाकेच्या अंतरावर पोझ देत होते.

"आपल्याकडून कोणीतरी असायला हवं ना," तो म्हणाला.

या वाक्यावर मी वर्षभर विचार केलाय. तो वाईट माणूस नाही. तो रडला होता, खरंच. बाबा त्याला आवडायचे. पण मला फसवलं, आणि फसवताना माझ्या वाटचं दुःखही त्यानेच करून घेतलं. मला राग त्या थापेचा जेवढा आहे त्याहून जास्त या 'आपल्याकडून'चा आहे.

पूजा अर्थातच झाली नाही. गुरुजींना कळवलं, ते बिचारे स्वतःहून दोन दिवस डबा पाठवत होते. फोन मला सोमवारी सापडला, हॉट प्रेसमध्ये - इथे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं, त्यात टॉवेल ठेवतात - टॉवेलांच्या घडीच्या आत. घडी मम्मींच्या पद्धतीची होती.

आता त्या मूर्तीबद्दल. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार, कारण तुमच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. फोन गायब, सासू गप्प, नवरा उगाच गोड, माझ्या मनाने आतल्या आत बेरीज केली आणि ओळखीच्या आवाजात उत्तर ऐकवलं. उत्तम. मीही स्वतःला हेच सांगितलं. पण मग मम्मी?

त्या जायच्या आदल्या दिवशी मी भांडी लावत होते. आमच्यात बोलणं बंदच होतं. त्या ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी बघितलं बघ ते. हात खाली घेतला तिनं."

मी भांडं खाली ठेवलं. "मग तुम्ही 'सांगून टाक' म्हणालात ते..."

"मला वाटलं, आता ती बाईच सांगती सगळं. तिच्या तोंडून कळण्यापरास आपण सांगितल्यालं बरं." मग म्हणाल्या, "आवाज न्हाई ऐकला मी. हात बघितला."

मी अमेयला हाक मारली. तो आल्यावर म्हटलं, "मम्मी, आत्ता जे म्हणालात ते याला सांगा." त्यांनी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी काय म्हणाले? मला कुठलं दिसतंय एवढ्या उंचावरचं. मोतीबिंदू हाय मला." दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं आदल्याच वर्षी झालेली, सुट्टीवर तिकडे असताना दवाखान्यात डबा घेऊन मीच गेले होते. अमेय म्हणाला, "बघ, तू उगाच..." आणि मी भांडी लावायला लागले. त्या घरात खरं बोलून लगेच फिरवायचीही पद्धत आहे, एवढं कळलं.

मी एकटी तिथे परत गेले आहे, बऱ्याच वेळा. उन्हात, ढगात, त्याच जागी उभी राहून. दुर्बीण नेली. आमच्या कामात एखादी गोष्ट पुन्हा घडवून दाखवता आली नाही की ती निकालात काढतात, मी स्वतः कित्येक काढल्यात. ती हिरव्या जाकिटातली बाईही भेटली. तिला विचारलं, हात कधी तुटला होता का, नंतर बसवलाय का, सांधा आहे का कुठे. ती म्हणाली, बोट आणि ओठ एकाच दगडात कोरलेले आहेत, मध्ये कागदही जाणार नाही. "का विचारतेस?" म्हणाली. मी म्हटलं, सहज. मग बोटाखाली हनुवटीवर उजळ डाग असायचंही काही कारण उरत नाही. पण मी तो बघितला. याचा अर्थ काय लावायचा मला कळत नाही. खवचट प्रतिसाद सुचला तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन, कारण मला एकही सुचलेला नाही.

एक राहिलं. त्या दिवशी गाडीत बसल्यावर अमेयच्या फोनवरून मी दादाला फोन लावला. त्याने तो लगेच आईला दिला. मला वाटलं आई रडेल. ती अगदी शांत होती, आणि आधी तिने मला धीर दिला.

"रडू नको. तू म्हणालीस ना, पूजा आहे, माझ्यासाठी थांबू नका, म्हणून नेलं गं त्यांना. नाहीतर मी नेऊ दिलं नसतं. बरं केलंस. त्यांनाही हेच आवडलं असतं."

मागे दादाच्या खाकरण्याचा आवाज आला. अमेय स्टिअरिंग धरून समोर बघत होता. म्हणजे दादाने माझ्या नावावर आईला काय सांगितलंय, हेही त्याला माहीत होतं.

बाबांच्या मागे आई आता दादाकडे राहते. औषधं, बँक, दवाखाना, सगळं तोच बघतो, आणि नीट बघतो. तिने त्याच्यावर विश्वास ठेवूनच राहायचं आहे. मी त्या दिवशी फोनवर एवढंच म्हटलं, "हो, आई."

वर्षश्राद्धाला मी भोरला गेले. जेवणं झाल्यावर बायका माजघरात बसल्या होत्या, आत्याही होती. आई माझा हात हातात घेऊन सगळ्यांना सांगत होती, "पोरगी खंबीर आहे हो आमची. एवढं झालं तरी तिकडून म्हणाली, थांबू नका." आत्याने डोळ्यांना पदर लावला. दादा पंक्तीची ताटं उचलत होता, त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि ताटं घेऊन मागच्या दाराने बाहेर गेला.